बंबाची वाट

दिवा जरा इकडे सरकव, म्हणजे मला तुझं तोंड दिसेल. आणि चहा तुझ्यापुरताच ठेव, मला नको. नाही गं, आजारी-बिजारी नाही मी. याच ऑफिसात मी दिवसभर कपावर कप ढोसायचे, शिपाई वैतागून म्हणायचा, बाई, तुमच्यासाठी पिंपच भरून ठेवतो. आता नाही घेत, एवढंच.

उद्या तुला टेकडीवरच्या वस्तीत पाठवतायत, असं साहेब म्हणाले. नकाशा ताजा करायला. वीज येईपर्यंत तसंही काही काम होणार नाही, तर म्हटलं तुला सांगून टाकावं. साहेब सांगणार नाहीत. त्यांना विचारलं की ते चष्मा पुसायला लागतात.

ती वस्ती तू लांबून पाहिली असशील. गोदामांच्या मागे नाला, नाल्यापलीकडे चढ, आणि त्या चढावर पत्र्यांची, फळ्यांची, कुठे कुठे विटांची घरं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी. शहराच्या जुन्या नकाशात तिथे काय होतं ठाऊक आहे? हिरवा रंग. मोकळी जागा. एवढी माणसं तिथे रांधतायत, भांडतायत, पोरांना न्हाऊ घालतायत, आणि कागदावर नुसतं गवत.

मग तिथे एका दुपारी आग लागली. बंब निघाला, अगदी वेळेवर निघाला, त्यांना मी दोष देत नाही. पण ड्रायव्हर नकाशा बघतो तर गवत. मुख्य रस्त्यावर बंब उभा, समोर टेकडीवर धूर, आणि आत शिरायचं कुठून ते एकालाही ठाऊक नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात. इथे दोघं समोरासमोर होते, तरी तीच गत झाली.

त्यानंतर शहराला जाग आली. नकाशा करा म्हणाले, मग बंबासाठी रस्ता काढू. आणि आमची रवानगी झाली.

आपल्या कामाचे नियम तुला साहेबांनी पाठ करायला लावलेच असतील. छप्पर मोजायचं नाही, चूल मोजायची. एका पत्र्याखाली तीन चुली असतील तर ती तीन घरं. आणि चूल पेटत नसेल तर भिंती कितीही चांगल्या असोत, ते घर नाही. दुसरा नियम, आपण पुढे चालायचं नाही. वस्तीतला माणूस पुढे, आपण मागे. कमरेचं यंत्र आपण चालू तशी रेघ काढतं, म्हणून ती रेघ त्यांच्या पायवाटेची असली पाहिजे, आपल्या अकलेची नाही. मला हा नियम फार आवडायचा. साहेबांचं डोकं तेवढ्या एकाच बाबतीत बरोबर चाललं, असं मी सगळ्यांना सांगायचे.

माझ्या पुढे चालायची ती शिवणवाली. वस्तीत तिचं मशीन होतं, उसवलेलं फाटलेलं सगळं तिच्याकडे यायचं. तोंडाने माझ्यासारखीच. तिची नि माझी पहिल्याच दिवशी जुंपली आणि दुसऱ्या दिवसापासून गट्टी. "मापवाल्या ताई, चला," म्हणायची, आणि मी तिच्या मागे बकरीसारखी. त्या गल्ल्या म्हणजे, अगं, दोन माणसं समोरून आली तर एकाने कोणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरायचं आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं. आगीनंतर ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने पत्रे ठोकले. जुन्या गल्ल्या बुजल्या, नव्या झाल्या. जुन्या माणसांचेसुद्धा पाय चुकायचे.

आणि अशा त्या वस्तीत, जिथे वीतभर जागेवरून डोकी फुटतात, ऐन मध्यावर एक रिकामा तुकडा होता. स्वच्छ झाडलेला. चारी बाजूंनी विटांची एकेक ओळ मांडलेली आणि एका बाजूला दाराएवढी फट. आत पालथ्या बादलीवर एक माणूस बसला होता. मी टेप काढून सरळ आत पाय टाकला.

"चपला बाहेर, बाई," तो म्हणाला.

"बाहेर म्हणजे कुठे? इथे सगळं बाहेरच आहे," मी म्हटलं.

"उंबऱ्याबाहेर."

मी तोंडाची फटकळ आहे, तुला माहीत आहेच. पण त्याच्या बोलण्यात राग नव्हता, की वेड नव्हतं. आपल्या घरी आलेल्याला आपण सांगतो, तसं त्याने सांगितलं. मी मुकाट्याने त्या फटीबाहेर चपला काढल्या. त्याच्याही तिथेच होत्या, नीट लावलेल्या.

तो मिस्तरी. गवंडीकाम करायचा. "बसा," म्हणाला, आणि स्वतः उठून मला बादली दिली. "घर असतं तर चहाशिवाय जाऊ दिलं नसतं. आमची ही तर कोणालाच सोडायची नाही. त्यात तिची एक खोड. साखर पुरेल ना, पाणी पुरेल ना, पीठ पुरेल ना. सगळं पुरायचं, पण तिला ती काळजी कायम." तो थोडा हसला. मग म्हणाला, "नकाशात माझं घर काढा, बाई."

मी त्याला नियम सांगितला. चूल कुठे आहे, विचारलं.

"पेटेल की. ती आली की पेटेल."

बाहेर आल्यावर शिवणवालीने मला बाजूला घेतलं. आग लागली तेव्हा मिस्तरी परगावी कामावर होता. मिस्तरीण घरी. सगळे खालच्या अंगाला पळाले आणि ही पळाली मुख्य रस्त्याकडे, बंब आणायला. तिथे गाडी अडलेली बघून तिने पाइप धरलेल्या माणसाची बाहीच पकडली आणि चला, मी दाखवते, म्हणत त्यांना चढावर घेऊन निघाली. ती पुढे, ती माणसं मागे. अर्ध्यावर धूर एवढा झाला की ती माणसं खोकत मागे फिरली. ही फिरली नाही. नंतर राख चाळली, सगळं चाळलं. तिची काही म्हणता काही खूण सापडली नाही.

"म्हणून तो म्हणतो, मेली नाही. वाट चुकली," शिवणवाली म्हणाली. "आम्ही काय बोलणार? ज्याचं जळतं त्याला कळतं."

आता पंचाईत बघ. बंबाला वर न्यायचा सरळ रस्ता काढायचा तर तो एकाच ठिकाणाहून निघत होता, मिस्तरीच्या तुकड्यावरून. तिथून नाही तर निम्मी वस्ती पाडावी लागणार होती, आणि ती माणसं एकदा जळून पुन्हा उभी राहिलेली. सगळ्यांना रस्ता हवा होता, पण मिस्तरीला विचारायची कोणाची छाती होईना. मग साहेबांनी ते लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं. मी विचारलं.

मिस्तरीने ओळीतली एक सरकलेली वीट नीट लावली. "आणि ती आली तर?" म्हणाला. "रस्त्यात उभी राहील का, बाई?"

मी टेप गुंडाळून उठले. घरी गेले आणि मला जेवण गेलं नाही.

त्यानंतरची ती सकाळ. थंडीचे दिवस. नाल्यावरून धुकं उठलं होतं आणि गोदामंसुद्धा दिसत नव्हती. मी नेहमीच्या ठिकाणी, मुख्य रस्त्याच्या कडेला उभी होते. शिवणवालीचा पत्ता नव्हता. मनात म्हटलं, बसली असेल कोणाची तरी बटणं लावत. धुक्यात कचरा जाळल्याचा वास येत होता, थंडीत कोणी ना कोणी जाळतंच. यंत्र कमरेला चालू होतं.

तेवढ्यात समोरून एक बाई आली. धावत आल्यासारखी, धाप लागलेली. पदराने तोंड निम्मं झाकलेलं, धुरापासून झाकतात तसं.

"वर जायचंय ना?" ती म्हणाली. "चला... मी दाखवते. चला लवकर..."

शिवणवालीने पाठवली असेल, असं वाटलं. वस्तीतला माणूस पुढे, आपण मागे. मी निघाले.

धुक्यात तिची नुसती पाठ दिसत होती, कधी तीही नाही. मी आवाजावरच चालत होते. चपलेचा आवाज यायचा, फट. मग काहीच नाही. मग पुन्हा फट. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तिच्या एकाच पायात चप्पल आहे. म्हटलं, गरिबीत काय काय असतं. विचारलं नाही.

"पाइप पुरेल ना हो तुमचा?" तिने मागे न बघताच विचारलं.

वस्तीतली माणसं मला नेहमी पाणी खात्याची समजायची, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. "पुरेल, पुरेल," मी म्हटलं.

"पुरायला पाहिजे... लांब आहे..."

वास वाढत चालला होता. घसा खवखवायला लागला. आणि एक गोष्ट मला टोचत होती, पण काय ते कळत नव्हतं. आता कळतं. त्या गल्लीत मला कोणाचा खांदा लागला नाही, कोणाच्या पत्र्याला कोपर घासलं नाही, कुठे वळायला लागलं नाही. पोरांचा आवाज नाही, भांड्यांचा नाही. नुसती धाप, आणि फट... आणि मग काही नाही.

"आलंच," ती म्हणाली. "आमच्याच दारावरून..."

मग चप्पल थांबली.

"इथेच तर होतं," ती म्हणाली. एकदम हळू. धुक्यात ती इकडून तिकडे होताना दिसत होती, काहीतरी चाचपत असल्यासारखी. "इथेच होतं हो... आत्ता तर..."

मला तिची फार दया आली. खरंच सांगते, त्या वेळी भीती नव्हती, दया होती. मी म्हटलं, "अहो, काय शोधताय? मी बघू का?"

हवा हलली, धुकं थोडं विरळ झालं, आणि मी मिस्तरीच्या तुकड्याच्या फटीपाशी उभी होते. आत तो, बादलीवर.

"तुम्ही कुठून आलात?" तो म्हणाला. "शिवणवाली तर आत्ता खाली गेली, तुम्हाला आणायला."

"रस्त्यावरून. सरळ. ती बाई होती ना पुढे..."

"सरळ वाट नाहीच इथे यायला."

मी त्याला बाईचं सांगितलं. धाप, पदर, एका पायातली चप्पल. तो उठला, फटीपाशी आला, बाहेर दोन्ही बाजूंना बघत राहिला. बाहेर कोणी नव्हतं.

ऑफिसात येऊन रेघ उतरवली. तू ती बघितली असतीस तर. मुख्य रस्त्यापासून निघालेली रेघ नाला ओलांडून चढावर सरळ गेली होती, घरांच्या भिंतींतून. शिवणवालीच्या मशीनवरून, कोणाच्या तरी पलंगावरून, न्हाणीतून. आणि मिस्तरीच्या तुकड्यावर पोचल्यावर तिचा गुंता झाला होता. यंत्र एका जागी उभं राहिलं की असं होतं, तुला माहीत आहे, रेघ तिथल्या तिथे गिरगटते. पण एवढा गुंता व्हायला फार वेळ उभं राहावं लागतं. मी तर तिथे पोचले आणि धुकं हटलं.

साहेब म्हणाले, धुक्यात यंत्र चुकतं. मीही हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मिस्तरीकडे गेले. कशाला गेले ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

त्याने कागद मांडीवर घेतला आणि बोट रेघेवरून नेलं. "ही आमची जुनी गल्ली," म्हणाला. "इथे पाण्याचा पिंप. इथे तीन पायऱ्या होत्या, मीच बांधल्या होत्या, तिच्या गुडघ्यासाठी." बोट गुंत्यापाशी आलं. "आणि हे काय?"

पाइप पुरेल ना, इथेच तर होतं, हे तिचं सगळं बोलणं मी सांगितलं.

तो मोठा गडी ढसाढसा रडला. मीही रडले. मला रडता येत नाही असं माझ्या नवऱ्याचं ठाम मत आहे, त्याने तेव्हा बघायला हवं होतं. मग मिस्तरीने तोंड पुसलं आणि जे म्हणाला ते मी विसरणार नाही.

"बाई, ती अजून बंबच आणतेय. त्याच वाटेने. उद्या खरंच आग लागली आणि तिने त्यांना त्या वाटेने आणलं तर? भिंतीवर आदळतील. परत उशीर होईल. परत कोणाची तरी बाई..." "घ्या जागा. काढा रस्ता. पण मला तिला शिकवू दे."

रस्ता झाला. विटा उचलल्या, तुकड्यावरून डांबर गेलं. मिस्तरीला वरच्या अंगाला एक खोली दिली. आणि तो शिकवायला लागला. रोज मुख्य रस्त्यावर जायचा आणि तिथून वर चालत यायचा, शेजारी कोणी असल्यासारखा, हात दाखवत. "हे बघ, इथे आता नाल्यावर पूल झाला. इथून वळायचं नाही, तिकडे भिंत आहे. इथे शिवणवाली. आठवते ना? तिच्या डाव्या हाताने." आधी पोरं हसायची. मग हसेनाशी झाली. मग कोणाला खाली जायचं असलं की त्याची फेरी होऊ द्यायचे आणि मग निघायचे. मी एकदा त्याच्या मागून चालले. सगळी वाट तो बोलत होता. पण जिथे त्याचं घर होतं तिथे आला की मान खाली घालायचा आणि भराभर पुढे निघून जायचा. तेवढ्या जागी एक शब्द नाही. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही.

मग पुन्हा आग लागली. वरच्या अंगाला, दुपारचीच. पण या वेळी बंब थेट वर पोचला आणि दोन घरांवर निभावलं. माणूस एकही गेला नाही. लोक ड्रायव्हरच्या पाया पडायचे बाकी होते. मीही धावत गेले होते, नकाशा माझा ना. ड्रायव्हर डोक्यावर पाणी ओतून घेत म्हणाला, "त्या बाईला सांगा, गाडीच्या एवढं पुढे पळत जाऊ नका म्हणावं. चाकाखाली आली असती."

"कोण बाई?" शिवणवालीने विचारलं.

"पुढे पळत होती ती. एकच चप्पल पायात. तिनेच तर आणलं, नकाशा उघडावाच लागला नाही. पण मध्येच थांबली. मी हॉर्न वाजवला, हलेना. मग बाजूला होऊन म्हणते, तुम्ही व्हा पुढे, वरच आहे. मी घर बघून येते." त्याने तोंड पुसलं. "आरशात बघितलं तर रस्त्याच्या मधोमध उभी. इकडे बघते, तिकडे बघते. घाबरलेली दिसली, बिचारी."

मिस्तरी माझ्या शेजारीच उभा होता. काळाठिक्कर पडला.

"सगळं शिकवलं, बाई," तो मला म्हणाला. "शहाणी आहे, सगळं शिकली. पण एवढंच सांगितलं नाही मी. तोंडच झालं नाही."

"काय, मिस्तरी?"

"की घर मी देऊन टाकलं."

मी त्याचा हात धरला. उगीच म्हटलं, "सांगा की मग. तिच्यासाठीच दिलंत. समजून घेईल ती."

"सांगतो," तो म्हणाला, आणि उतरून गेला.

पुढचं शिवणवालीने बघितलं. तिचं मशीन खिडकीशी आहे, खिडकीतून रस्त्याचा तेवढा भाग समोर दिसतो. ऊन कलायला आलं होतं. मिस्तरी रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसला होता आणि डांबरावर हात फिरवत हळूहळू बोलत होता. मध्ये थांबायचा, ऐकल्यासारखी मान हलवायचा, पुन्हा बोलायचा. शिवणवालीला बघवेना. तिने सुईत दोरा ओवायला मान खाली घातली. वर बघितलं तर रस्ता रिकामा.

ती धावत बाहेर गेली. रस्त्यात चपला होत्या. दाराबाहेर काढून ठेवतो तशा, नीट, कडेला कड लावून. मिस्तरीच्या दोन. आणि त्यांच्या शेजारी बाईमाणसाची एक, पट्टा आगीने वितळलेली.

मिस्तरीला खूप शोधलं. नाला शोधला, स्टेशनं शोधली, त्याच्या कामाच्या जागा शोधल्या. तो कोणालाच दिसला नाही.

आता माझं सांगते. गेल्या वर्षी नकाशा ताजा करायला मीच गेले होते. लख्ख ऊन पडलं होतं. शिवणवाली पुढे, मी मागे, दोघी सरळ रस्त्याने वर. मी कुठेही थांबले नाही. तुझ्या गळ्याशपथ, थांबले नाही. वर पोचले तर शिवणवाली कमरेवर हात ठेवून उभी.

"ताई, होतात कुठे?" म्हणाली. "मी कधीची उभी आहे. मागे बघते तर तुम्ही नाहीच." मग तिची नजर खाली गेली आणि तिचा चेहरा बदलला. "आणि तुमच्या चपला कुठायत?"

मी खाली बघितलं. अनवाणी होते मी.

चपला तिथेच होत्या, रस्त्याच्या मधोमध. नीट लावलेल्या. आणि माझ्या तोंडात चहाची चव होती. गोड, आणि जराशी धुरकट.

ऑफिसात रेघ उतरवली. त्याच जागी गुंता. भरपूर वेळ बसलं तर होतो तेवढा.

मी नकाशावर तिथे चौकोन काढला. साहेब म्हणाले, "रस्त्याच्या मधोमध घर?" मी म्हटलं, नियम तुमचाच आहे, चूल पेटते ते घर. साहेबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. चौकोन त्यांनीही खोडला नाही. मिस्तरीने मागितला होता तो.

तूही उद्या खोडू नकोस. शिवणवालीला माझा नमस्कार सांग. आणि तिथून जाताना पायांकडे लक्ष ठेव, एवढंच. घाबरायचं कारण नाही, असं मी म्हणणार नाही. मी घाबरते. तेव्हापासून चहा घशाखाली उतरत नाही, पहिला घोट घेतला की तीच चव येते, कोणीही केलेला असो.

आत काय झालं, म्हणतेस? आठवत नाही. खूप आठवून बघितलं. भिंती आठवत नाहीत, मिस्तरी आठवत नाही. फक्त माझ्या मागे भांड्यात चमचा फिरत होता, आणि एका बाईने विचारलं, "साखर पुरेल ना हो?"

तोच आवाज होता गं. फक्त आता तिला धाप लागलेली नव्हती.